सदतिसावं वचन

हिंगणघाटच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्म्याची एक रीत होती. वणा नदीत उतरण्याआधी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातल्या आठव्या अध्यायाच्या सदतिसाव्या वचनावर, 'मनापासून विश्वास असेल तर बाप्तिस्म्याला हरकत नाही' असं सांगणाऱ्या, बोट ठेवायचं आणि येशूवरचा विश्वास कबूल करायचा. नव्वदीच्या अखेरीस बायबलचं नवं भाषांतर आलं. त्यात छत्तिसाव्यानंतर थेट अडतिसावं. मधलं वचन तळटीपेत, बारीक अक्षरात, 'काही प्रतींत आढळते' असा शेरा मारून.

मंडळी चालवणाऱ्या दोघा बुजुर्गांची जुंपली. एक म्हणे, वचनच नाही तर कबुली कशाची? दुसरा म्हणे, नवं पुस्तकच खोटं. निकाल लागेपर्यंत कोणी पाण्यात उतरायचं नाही, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत. त्याच वेळी माझी आई बाप्तिस्मा मागत होती. आमच्या घरातून मंडळीत जाणारी ती पहिलीच, आणि तिचं काळीज अधू झालेलं.

मी नागपूरला इतिहास शिकत होते, म्हणून वचन मूळचं की नंतरचं, या शोधाचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. एका जुन्या मिशनच्या वाचनालयात मी धूळ खाल्ली. वचन दुसऱ्या शतकातल्या लिखाणात सापडे, पण सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत नसे. मग ते वचन कोण म्हणत आलं हे बघायला राजाश्रयाच्या चर्चपासून फुटलेले आफ्रिकेतले जुने ख्रिस्ती लोक धुंडाळले, पुढे आल्प्सच्या डोंगरातले उपदेशक. आमच्यासारखीच वेगळी चूल मांडलेली माणसं. पण त्यांची पुस्तकं जाळलेली. त्यांच्याबद्दल उरलं ते बहुतेक वैऱ्यांनीच लिहिलेलं. डोकं भणभणायचं.

दर सुट्टीत आई विचारी, "सापडलं का वं?"

"अर्धं सापडलं."

"मंग अर्ध्याच पाण्यात उतरवा मले."

मी दोघा बुजुर्गांना समोर बसवून सांगितलं, की वचन बहुधा नंतर जोडलेलं असावं. पण जोडलं ते बाप्तिस्म्याच्या वेळी लोक तसंच बोलत म्हणून. म्हणजे रीत वचनाहून जुनी.

"बहुधा म्हून नाई चालत, पोरी," एक म्हणाला. "पक्कं समजलं का मंग येजो." दुसऱ्याने मान डोलावली. दोघांचं हे दुसरं एकमत.

त्याच उन्हाळ्यात आई गेली. मंडळीच्या दफनभूमीत बाप्तिस्मा झालेल्यांनाच जागा, म्हणून वडनेरच्या मामांनी तिला आपल्या रीतीने अग्नी दिला. दोघे बुजुर्ग आले होते. एकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ते डोंगरातल्या लोकायचं काई समजलं का?"

"काका," मी म्हटलं, "तिचा विश्वास हाय का, हे तुमी तिलेच विचारायचं होतं."