वहिनींचे बोलपट

एका सकाळी दादाचा फोन आला. "तुझी वहिनी गेली रे," एवढंच म्हणाला आणि फोन कानाला धरून राहिला. पलीकडे शिकाऊ विमानाची घरघर चालू होती. बिरसीच्या विमानतळाजवळच्या आमच्या घरात बोलणं असं मध्येच थांबवावं लागतं. विमान गेल्यावर दादाने फोन ठेवला.

त्याला आता महिना होत आला. शकुंतलावहिनी देवरीकडच्या. उंच, सावळ्या, बोलायला फटकळ. दादा गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री होता. तरुणपणापासून त्याच मशीनवर. काही वर्षांपूर्वी ती मिल बंद पडली आणि आमच्या गल्लीतली निम्मी माणसं घरी बसली. बाकीचे निदान चौकात जाऊन कुरकुर करत. दादा आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. वहिनींनी मला नागपूरला फोन केला. "भाऊजी, तुमचे दादा बोलतच नाई. जेवतेत अन् झोपतेत. मले भेव वाटून राहिलं."

माझ्याजवळ देण्यासारखं काय होतं? जुने परदेशी सिनेमे जमवण्याचा नाद तेवढा होता. तेच पेन ड्राइव्हमध्ये भरून घेऊन गेलो. दादाने ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं ते वहिनींनी. काळा-पांढरा पडदा, चकचकीत जिने, त्यावर टाचा वाजवत नाचणारं एक जोडपं. मी त्यांना सांगितलं, हे सिनेमे निघाले तेव्हा तिकडे मोठी मंदी होती. कारखाने बंद, भाकरीसाठी रांगा.

"मंग हे नाचून काऊन राहिले?"

"लोक घटकाभर विसरायला जायचे, वहिनी."

"बरोबर हाय. रडाले तं घरीच भेटते. त्याच्यासाठी तिकीट कोन काढन?"

पुढच्या खेपेला गेलो तर भरदुपारी ओसरी माणसांनी भरलेली. टीव्हीचा आवाज बंद आणि वहिनी शेजारी बसून सगळ्या पात्रांचं बोलणं स्वतःच बोलतायत! उंच टोपीवाला शेठ झाला होता मिलमालक आणि नायक त्याच्याकडे काम मागत होता. "मालक, मले नाचता येते." "अरे बापा, मंग धान कोन भरडन?" वरून विमान गेलं की वहिनी थांबायच्या, नायक मुकाट ओठ हलवत राहायचा, आणि मग त्याचं राहिलेलं सगळं त्या एका दमात बोलून टाकायच्या. माणसं पोट धरून हसत. गाणं आलं की मात्र आवाज मोठा.

त्या दिवशी शेठ कोटासकट हौदात पडला. वहिनींनी त्याचा मिलमधला धानाचा हौद केला आणि त्या ओरडल्या, "वाचवा गा! मशीन बंद करा!"

आतून दादाचा आवाज आला. "बटन डाव्या हाताले हाय म्हना त्याले."

वहिनींनी मागे वळूनही पाहिलं नाही. शेठच्याच आवाजात म्हणाल्या, "मले नाई सापडत, मिस्त्री. तुमीच या ना गा."

खाट करकरली. दादा बाहेर आला आणि दाराशी टेकून बसला. वहिनी पुढचं बोलत राहिल्या, पण शेठचं वाक्य त्यांनी नायकाच्या आवाजात म्हटलं... माझ्या लक्षात आलं, इतरांच्या आलं की नाही ठाऊक नाही.

दादा एका दिवसात बरा झाला नाही. पण हळूहळू गावोगावचे पंप, मळणीची यंत्रं दुरुस्त करू लागला. इटियाडोह धरणाच्या कालव्यापर्यंत त्याला बोलावणी येत. दुपारचे सिनेमे चालूच राहिले. एकदा मी वहिनींना म्हटलं, खरे संवाद मराठीत लिहून देऊ का? "कायले?" त्या म्हणाल्या. "त्याईचं सांगून झालं. आपलं राहिलं हाय."

मग वहिनींना हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचण्याआधीच सगळं संपलं.

गेल्या आठवड्यात गेलो होतो. दुपारी बाया आल्या, आपापल्या जागी बसल्या. दादाने सिनेमा लावला, आवाज बंद केला. पडद्यावर माणसं ओठ हलवू लागली. कुणीच बोलेना. मला वाटलं, आता दादा उठून टीव्ही बंद करणार.

पडद्यावर दार उघडून नायिका आत आली. दादाने घसा साफ केला.

"आली व मी, बायांनो. भात टाकला अन् आली."

कुणी हसलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी पदराने डोळे पुसले आणि पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "आज उशीर केला व."

"हव," दादा म्हणाला, "जराक झाला." मग गाणं सुरू झालं आणि त्याने आवाज वाढवला.