माझा दिवा तिने लावला

देवळात माझं मन आधी बाहेर काढलेल्या चपलांकडे असतं, मग स्पेशल दर्शनाच्या रांगेकडे. देवीसमोरही वशिल्याने पुढे सरकणारी माणसं पाहिली की माझी निम्मी भक्ती तिथेच संपते. त्या मंगळवारी मात्र बनशंकरीच्या देवळात मी निमूट उभी होते. कुरकुरायलाही अंगात त्राण नव्हतं.

सकाळपासून जबडा आणि डावा खांदा ठणकत होता, मळमळत होतं. वय छत्तीस. आधी मी ऑफिसच्या खुर्चीला दोष दिला, मग आदल्या दिवशीच्या बिर्याणीला, आणि ॲसिडिटीची गोळी घेतली. माझे वडील चाळिशीतच छातीत कळ येऊन गेले. पण ते सिगारेट ओढायचे, म्हणून तो धोका मी त्यांच्यापुरताच मानला होता. सासूबाईंना यात दृष्ट दिसली. त्या जन्मापासून बेंगळुरूच्या. पिळलेल्या लिंबाची साल उलटी करून तिच्यात तेलवात घालायची आणि राहूकाळात देवीपुढे लावायची, ही इथली रीत. एरवी ज्या वेळेला आमच्या घरी साधी खरेदीही करत नाहीत, ती इथे पूजेची वेळ.

रांग हलत नव्हती. अचानक पाठीतून गार घाम सुटला. छातीवर कुणी भरलेला दळणाचा डबा ठेवावा तसं झालं. हातातलं लिंबांच्या दिव्यांचं ताट मी कठड्यावर टेकवलं.

"आई, दवाखान्यात जाऊ या."

"स्वल्प थांब गं. राहूकाळ संपू दे. अशा वेळी कुणी दवाखान्याची पायरी चढतं का?"

खरं सांगते, मी थांबले असते. तेवढ्यात पुढची बाई वळली. साठीची असावी. जबड्यावरचा माझा हात पाहून तिने कन्नडमध्ये विचारलं, "दाढ दुखते का?"

"दाढ नाही. सगळाच जबडा. खांदासुद्धा."

तिचा चेहरा उतरला. सासूबाईंना म्हणाली, "हिला आत्ता न्या."

"राहूकाळ आहे, अक्का."

"देवीला चालतो, डॉक्टरला चालत नाही? माझा मुलगा असाच गॅस म्हणत सोडा पिऊन झोपला. बत्तीस वर्षांचा होता."

सासूबाईंनी माझा दंड धरला. आणि मी, रीतीरिवाजांना हसणारी, ताट घट्ट धरून म्हणाले, "दिवा राहिला."

तिने ताट काढून घेतलं. "तुझा मी लावते. नाव सांग." मी सांगितलं. मग तिने असा आवाज चढवला की स्पेशल दर्शनवाल्यांनीही वाट दिली. आम्ही दोघी अनवाणीच रिक्षात बसलो.

हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. संध्याकाळपर्यंत स्टेंट बसला. डॉक्टरांनी वडिलांबद्दल विचारलं, आणि धाकट्या भावालाही तपासणीला पाठवायला सांगितलं. तो रोज पळतो, म्हणून हसत गेला. कोलेस्टेरॉलचा आकडा पाहिल्यावर हसला नाही. आता गोळी मुकाट्याने घेतो.

ती बाई मला पुन्हा भेटली नाही. देवीच आली होती, असं सासूबाई शेजारणींना सांगतात. मी वाद घालत नाही. माझ्या लेखी ती मुलगा गमावलेली आई होती, आणि तेवढ्याने माझा नमस्कार अधिकच खाली वाकतो. आयुष्यभर सगळं मी स्वतःच्या मुठीत धरलं, दुखणंसुद्धा. ते ताट कुणीतरी हातातून काढून घेतलं, म्हणून आज हे लिहिते आहे.

आता कधीमधी मंगळवारी जाते, तेव्हा दोन दिवे लावते. एक माझा. दुसरा तिच्या मुलाचा. त्याचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून नुसताच लावते.