नीलम्मा अक्कांनी पाठवलेला निरोप

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय झालं, हे त्या घरातल्या माणसांआधी नीलम्मा कलशेट्टींना कळतं, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो. चेष्टा असली तरी फारशी खोटी नाही. सोलापुरात बाळीवेशीच्या मागं आमची गल्ली. निम्म्याहून जास्त घरं लिंगायतांची, व्यापारी, घरात कानडी आणि दारात मराठी बोलणारी. जोशांचं घर एकच, आमचं. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि जिभेनं जरा तिखट आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणाला वाईट वाटायला नको.

नीलम्मा साठीच्या पुढच्या. कपाळावर भस्म, अंगावर इरकल, आणि चपला घालायच्या राहिल्या तरी चालेल पण निरोप राहता कामा नये, असा स्वभाव. फोन नव्हते तेव्हा गल्लीतले सगळे निरोप त्याच न्यायच्या. बारसं असो, कुणाकडं स्वामी येणार असोत, कुणी लिंगैक्य झालेलं, म्हणजे वारलेलं, असो. त्यांची एक पद्धत होती. एका घरी सांगायचं आणि "पुढच्या दोन घरी तुमी सांगा" असं बजावूनच उठायचं. कुणालाही उशिरा कळता कामा नये. स्वतःचे यजमान गेले त्या दिवशीही डोळे पुसत पुसत, अजून कुणाकुणाला कळवायचं राहिलंय, ते सांगत होत्या. मला तेव्हा रागही आला होता आणि गलबलूनही आलं होतं.

मग मोबाइल आला. बायकांचं अक्कन बळग म्हणून मंडळ आहे. वचनं म्हणतात, अन्नदान करतात, एकमेकींना अक्का म्हणतात. त्या मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि नीलम्मा त्याच्या ॲडमिन झाल्या. मुलगा नंदीशनं त्यांना पाठवायचं कसं ते शिकवलं, पुसायचं कसं ते शिकवलं नाही. रोज सकाळी महादेवाचा फोटो, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मी त्या ग्रुपात नाही, पण हे हात मला त्या कौतुकानं दाखवायच्या.

आता धनलक्ष्मीचं सांगते. गल्लीतल्याच गुरुबसप्पा अण्णांची मुलगी, बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, क्लासमध्ये मुलांना अकाउंट्स शिकवायची. गळा इतका गोड की बळगाच्या कार्यक्रमात पहिलं वचन तिचंच. बसवजयंतीला ती गायली, त्याचा व्हिडिओ बळगानं इंटरनेटवर टाकला. त्याच व्हिडिओतून कुणीतरी तिचा चेहरा उचलला आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी उघड्या अंगावर बसवला. हल्ली याला कौशल्यही लागत नाही म्हणे.

तो फोटो एका दुपारी अनोळखी नंबरवरून नीलम्मांच्या फोनवर आला. बळगाच्या पत्रिकेवर त्यांचाच नंबर होता ना. खाली लिहिलेलं, 'तुमची भक्तीण बघा.' नीलम्मा हादरल्या. आपल्या धनाची कुणी बदनामी करतंय, लोकांना खरं वाटायच्या आत खोटं असल्याचं कळायला हवं, एवढंच त्यांना सुचलं. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'हा फोटो खोटा आहे. कोणीही विश्वास ठेवू नये. सर्वांनी पुढच्या दोन घरी कळवावे.' आणि खाली तो फोटो जोडला.

बायकांनी आज्ञा पाळली. संध्याकाळपर्यंत तो निरोप अक्कलकोटला पोचला, वळसंगला पोचला, तिथून पार कलबुर्गीला. पाठवणाऱ्याला जे महिनाभरात जमलं नसतं ते आमच्या सज्जन बायकांनी एका दुपारात केलं. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी शाळेत. अक्कलकोटला माहेर असलेली एक सहकारी फोन पुढं करून म्हणाली, "तुमच्या गल्लीतलीच ना ही?" मी फोटो पाहिला, वरचा मजकूर वाचला, आणि हा मजकूर कुणाचा हे मला नाव न वाचता कळलं.

मी तशीच नीलम्मांच्या दारात गेले.

"अक्का, हे काय करून बसलात?"

"काय केलं? खोटा हाय म्हणून कळवलं की."

"मग खाली फोटो कशाला लावलात?"

"आता फोटोच न्हाय दाखवला तर कुटला फोटो खोटा, ते कसं कळंल लोकांना?"

त्या हे अगदी सरळपणानं म्हणाल्या. मग मी विचारलं, "नंदीशच्या बायकोचा असा फोटो असता, तर जोडला असतात?" हळूहळू त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्या पायरीवरच बसल्या.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी नीलम्मा घरोघरी फिरल्या. उन्हाचा तडाखा, त्यात नळाला पाणी यायचा दिवस, बायका हंडे-कळश्यांच्या गडबडीत. पण त्या प्रत्येकीला बाजूला घेत होत्या. "काढ तो फोटो. माज्यासमोर काढ. आन् आता लिंगाला हात लावून सांग, कुटंच ठेवला न्हाय म्हणून." गळ्यातल्या लिंगाला हात लावून लिंगायत बाई खोटं बोलत नाही. बायकांनी फोटो काढून टाकले, शपथा घेतल्या, काही रडल्या. परगावच्यांना फोन केले, त्यांनाही शपथा घातल्या. नीलम्मांचा घसा बसला, पाय सुजले. पण त्यांच्या स्वतःच्या फोनातला फोटो तसाच राहिला, कारण पुसायचं काम नंदीशचं आणि नंदीश मालासाठी हैदराबादला गेलेला.

तिकडं गुरुबसप्पा अण्णांनी आपल्या परीनं बंदोबस्त केला होता. मुलीचा फोन हिसकावून त्यातलं कार्ड मोडलं आणि फोन पाण्याच्या पिंपात टाकला. त्या फोनात काय होतं ते मी त्यांच्या घरी गेले तेव्हा धनलक्ष्मीच्या आईकडून, मल्लव्वाकडून कळलं. फोटो बनवणारा तो माणूस बरेच दिवस धनलक्ष्मीला रोज संध्याकाळी लिहीत होता. व्हिडिओ कॉलवर ये, मी सांगीन तसं कर, नाही आलीस तर आज आणखी एकाला पाठवतो. ती आली नाही आणि तो पाठवत राहिला. पोरगी एकटी हे सगळं पोटात ठेवून क्लासमध्ये मुलांना ताळेबंद शिकवत होती. आता ती आतल्या खोलीत होती. जेवत नव्हती, दिवा लावू देत नव्हती. मल्लव्वा दाराची कडी काढून ठेवून तिथंच उंबऱ्यात बसून राहायची, क्षणभरही उठायची नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी सायबर पोलिसांना फोन लावून विचारलं. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, मुलीला घेऊन या, तिचं म्हणणं लागेल, आणि पहिला मेसेज जिथं आला तो फोन आणा, काहीही पुसू नका. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. सगळं पुसून झालं होतं. अण्णांनी पिंपात बुडवलं होतं आणि नीलम्मांनी शपथा घालून.

उरला होता एकच फोन. मी धावत गेले तेव्हा नंदीश नुकताच परत आलेला होता आणि आईपुढं हात पसरून उभा होता.

"आई, दे इकडं. पुसून टाकतो. सगळीकडं तुजंच नाव फिरतंय. पोलीस आलं तर पयलं तुला धरतील. चांगल्या मनानं पाठवला म्हणून कोण ऐकत न्हाय."

मी दारातूनच ओरडले, "पुसू नका!" आणि पोलिसांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

नंदीश माझ्यावर चिडला. "यशोदाबाई, तुमाला सांगायला काय जातंय? आत आमची आई जाणार हाय."

तो वाईट मुलगा नाही. मला तसा मुलगा असता तर त्यानंही हेच केलं असतं. नीलम्मांनी फोन झंपरात खोचला आणि वर पदर ओढून घेतला. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. लई भ्या वाटतंय, असं त्या मला नंतर स्वतःच म्हणाल्या.

सकाळी नीलम्मा आणि मी गुरुबसप्पांकडं गेलो तर दारात जीप उभी. मुलीला वळसंगला आत्याकडं पोचवायचं ठरलेलं. बॅगही भरून ठेवली होती. वळसंगला त्या घरात तिला कोण बघणार होतं? दाराची कडी कोण काढून ठेवणार होतं? मला दुसरं काही सुचेना.

मल्लव्वानं आम्हाला आत सोडलं. धनलक्ष्मी भिंतीकडं तोंड करून बसली होती. नीलम्मा तिच्याजवळ खाली बसल्या. ती वळली नाही, फक्त विचारलं, "अक्का, तुमी बघितला फोटो?"

हा प्रश्न ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, आणि प्रत्येकजण तिला तेच उत्तर देत होता. नाही गं, आम्ही नाही बघितला. तिची मावशी म्हणाली, मैत्रीण म्हणाली. ती कुणावरच विश्वास ठेवत नव्हती, आणि आता कुणाशीच बोलत नव्हती.

नीलम्मा म्हणाल्या, "बघितला. आन् पुढं पाठवला बी मीच."

ती वळली. इतक्या दिवसांत तिनं कुणाच्या डोळ्यात बघितलं नव्हतं, ते आता बघितलं. मला वाटलं ही आता अंगावर धावून जाईल. जायलाच हवं होतं.

"का?"

"मला वाटलं, मी तुला वाचवायलेय."

"मग आता कशाला आलाय?"

"पोलिसाकडं चल म्हणायला. त्याचा नंबर फकस्त माज्या फोनात ऱ्हायलाय. बाकीच्यांच्यातला मीच पुसायला लावला. ते बी चुकलंच माजं."

एवढ्यात गुरुबसप्पा आत आले. "कुणी कुटं जाणार न्हाय. पोलिसात गेलं की पेपरात येतंय. आमच्या घराला काय अब्रू हाय की न्हाय?"

माझा संयम सुटला. "अण्णा, फोटो तिनं काढला नाही, तिनं पाठवला नाही, आणि कोंडून ठेवताय तिलाच? अब्रू ज्याची जायला हवी तो मोकळा हिंडतोय!" मी आणखीही काही बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अण्णा माझ्यावर उलटणार तेवढ्यात धनलक्ष्मी उठून उभी राहिली. भिंतीचा आधार घेत होती. "आप्पा, मी वळसंगला गेले तर तो थांबंल का?"

अण्णा म्हणजे मोठा दणकट माणूस, मार्केट यार्डात पोतं एका हातानं सरकवणारा. खांद्यावरचं उपरणं तोंडाला लावून ते दारातून बाजूला झाले. जीपवाल्याला कुणी काही सांगितलं नाही. तो तसाच बसून होता.

रिक्षात धनलक्ष्मी आम्हा दोघींच्या मध्ये बसली. तोंडाला स्कार्फ, डोळे तेवढे उघडे. सिग्नलला एक माणूस फोनमध्ये बघून हसला तशी तिनं माझं मनगट धरलं. तो बिचारा कशाला हसला देव जाणे. पण पुढचा सगळा रस्ता ती फोन हातात असलेल्या प्रत्येक माणसाकडं बघत गेली आणि तिच्यामुळं मीही बघत गेले. सोलापुरात एवढे फोन आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पोलीस ठाण्यातल्या बाई तरुण होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, पंखा आमच्याकडं वळवला, मग धनलक्ष्मीला म्हणाल्या, "फोटो मी एकटीच बघणार, कामापुरता. तुला परत दाखवणार नाही. सावकाश सांग." ती सावकाश सांगत गेली. मध्ये तीनदा थांबली. संध्याकाळचे मेसेज सांगताना तिचे दात वाजत होते, उन्हाळ्यात. बाई टाइप करत राहिल्या. नंबर मिळाला, त्यावरून माग काढता येईल, ठिकठिकाणचा फोटो काढून टाकायला कळवता येईल, पण वेळ लागेल, खोटी आशा देत नाही, असं त्या म्हणाल्या. मला त्यांचं ते बोलणं आवडलं.

मग त्यांनी नीलम्मांचा फोन हातात घेतला, वर-खाली केला आणि विचारलं, "हा ग्रुपवरचा मेसेज कुणी टाकला?"

"मी," नीलम्मा म्हणाल्या.

"हेतू काहीही असो, असा फोटो पुढं पाठवणं गुन्हा आहे. कल्पना आहे तुम्हाला?"

"आता हाय."

बाई धनलक्ष्मीकडं वळल्या. "मला विचारावं लागेल. यांच्याबद्दल तुझं काही म्हणणं आहे का? नसेल तर तसं लिहिते."

नीलम्मांनी मान खाली घातली होती. मी मनात म्हणत होते, नाही म्हण गं पोरी, म्हातारी आहे, मनानं वाईट नाही. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की, ती हे आमच्यासाठी का म्हणेल?

धनलक्ष्मीनं तोंडावरचा स्कार्फ काढला.

"हाय," ती म्हणाली. "ह्यांच्यामुळं तो फोटो माज्या मामाच्या घरी गेला. क्लासमधल्या पोरांच्या आयांकडं गेला. ते लिहा, मॅडम." ती पुढं म्हणाली, "आन् सगळे न्हाय बघितला म्हणत होते तवा ह्यांनी एकट्यांनी खरं सांगितलं. फोन पुसला न्हाय. मला हितं ह्यांनीच आणलं. ते बी लिहा."

मॅडमनी नीलम्मांकडं बघितलं. नीलम्मांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी ते पुसलं नाही.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "ती सांगतीया तसंच लिहा."