नरम स्प्रिंग

कामठीत छर्र्याच्या बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे. बंदूक उघडली की तो बोलणं बंद करतो. आतला झिजलेला चामड्याचा वायसर बोटांत चुरगाळून पाहतो आणि नुसती मान हलवतो. परवा मी वडिलांची जुनी बंदूक घेऊन त्याच्याकडे बसलो होतो, तेवढ्यात नागपूरजवळच्या बेसाहून एक जण आपली घेऊन आला.

"काका, स्प्रिंग कडक टाका, छर्रा जोरात लागला पाहिजे. कॉलनीतले कुत्रे लय भुंकून राहिले."

म्हाताऱ्याने बंदूक न उघडताच परत केली. "मी नाही करत गा."

"काहून? माह्या शेजाऱ्याले तर करून देल्ली!"

"म्हनूनच."

माणूस पुटपुटत निघून गेला. मी म्हणालो, "बरं केलंत, काका."

"काहाचं बरं? तो दुसऱ्याकडून करून घेईन." तो बराच वेळ तेलकट हात पुसत राहिला. "त्या शेजाऱ्यानं एका कुत्रीचे दोन्ही डोळे फोडले. मले वाटलं होतं, पोराईले खेळाले पाहिजे असन."

मग त्याने माझी बंदूक ओढून घेतली. "वायसर बदलतो. स्प्रिंग नरमच राहू द्या."

मी लगेच हो म्हणालो. तरी काम संपेपर्यंत त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.