मामांच्या रक्तातली साखर

मुंबईत मला आसरा मिळाला तो मामांच्या घाटकोपरच्या खोलीत. गिरणीचा संप फिसकटल्यावर ते वॉचमन झाले, पण माझं कॉलेज त्यांनी सुटू दिलं नाही. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी. मुलुंडच्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये लागलो, तेव्हा मामींनी चाळभर सांगितलं की भाचा डॉक्टर झाला. मी दुरुस्ती करायचो. त्या ऐकायच्या नाहीत.

त्याच रुग्णालयात मामांना आणलं. मेंदूत रक्तस्राव. उजवी बाजू लुळी, वाचा बंद. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "यांना मधुमेह नाही, तरी साखर चढलीय. म्हणजे धक्का मोठा आहे. ती उतरून खालीच राहिली, पांढऱ्या पेशीही उतरल्या, तर आशा धरायची. पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नकोस."

मी अर्थातच नुसत्या आकड्यांवर गेलो.

साखर उतरत गेली. मामा थोडं थोडं गिळू लागले. मग एका सकाळी नेहमीसारखंच, दुखणार नाही म्हणून, त्यांच्या लुळ्या हाताच्या बोटाला स्पिरिट लावून टोचलं. थेंब पट्टीवर घेतला आणि तिचा रंग पाहून डॉक्टरांकडे धावलो. साखर पहिल्या दिवसापेक्षाही वर.

डॉक्टरांना घेऊन परतलो, तर चादरीवरून मुंग्यांची रांग चालली होती, थेट मामांच्या उजव्या मुठीपर्यंत.

"मामी, हे काय?"

"दहीसाखर," मामी शांतपणे म्हणाल्या. "रगत तपासतंत म्हणजे परीक्षाच मा ती? तुका नाय देय होतंय? पास झालंस मा?"

"अहो, पण लुळ्या हातावर?"

"मगे काय डाव्या हातार देऊ? बी.एस्सी. झालंस, इतक्यापण कळना नाय?"

डॉक्टरांनी हसू दाबलं. "स्पिरिटने साखर जात नाही रे. त्यांचा हात धू आणि शिरेतून रक्त घे."

मी पाणी आणलं, तेवढ्यात एखादी मुंगी चावली असावी. मामांचा अंगठा किंचित आत वळला. माझ्या सुईला जो हात एकदाही हलला नव्हता, तो. आम्ही तिघंही बघत राहिलो.

नव्या रक्तातली साखर खालीच निघाली. केसपेपरवर आकडा लिहिताना डॉक्टर म्हणाले, "मामी, आता मुंगीचा रिपोर्ट कुठे लिहू?"

"लिवा खंय पण," मामी म्हणाल्या. "पण ती दहीसाखरेमुळेच इली, ता पण लिवा."