तीन बोटं आणि तीन पोती

रातोमिरनं हाती घेतलेलं काम तडीला नेलं, असं लेस्कोवात्सच्या त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. कोंबड्यांचं खुराडं बिनदाराचं, अंगणातल्या ओट्याला निम्म्यावर फरशी आणि निम्म्यावर नुसती माती. माणूस मात्र सोन्यासारखा! उभा जन्म कापडगिरणीत माग दुरुस्त करण्यात गेला. गिरणी बंद पडली, पण हात काही स्वस्थ बसेनात. मग पन्नाशी उलटल्यावर पठ्ठ्यानं एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणून अंगणात उभी केली.

त्याची बायको ल्युबिंका तिच्यात पाय ठेवायला तयार नव्हती.

"एक गोष्ट पुरी करून दाखव. एकच," ती म्हणाली होती. "त्या दिवशी बसेन. तोवर मला माझी बस बरी."

रातोमिर वरवर हसला. पण शेजारची रिकामी सीट त्याला जाता-येता डाचायची. म्हणून यंदा त्यानं निश्चयच केला, गाडी खाली बसवायची. आखूड स्प्रिंगा मागवल्या. चाक आणि वरचा पत्रा यांच्यातली फट कमी झाली, की गाडी जमीन धरून पळते, वळणावर डुलत नाही.

ल्युबिंकानं मुदत घातली. "शनिवारी आयवार आहे, वर्षभराची मिरच्यांची चटणी घालायची आहे. मिरच्या भाजायला अंगणात चूल मांडायची आहे. तोवर झालं तर झालं, नाहीतर हे धूड माझा भाऊ नेईल आणि विकून टाकेल. मग कुरकुर करायची नाही!"

बुधवारी आयवारच्या लाल मिरच्या आणायला तो गाडी घेऊनच बाजारात गेला. दोन पोती डिकीत कोंबली. तिसरं मावेना, तर ते शेजारच्या सीटवर बसवून त्याला पट्टा लावला. गल्लीत शिरताच कुंपणाशी उभा असलेला शेजारी स्तानोये ओरडला, "काय रे, वहिनी बसत नाही म्हणून मिरच्यांना फिरवतोस होय?"

"मिरच्या टोमणे तरी मारत नाहीत!" रातोमिरनं ठणकावलं.

घरी पोचल्यावर त्याला कुठला धीर! गाडीतून उतरला तो थेट मागच्या चाकाशी वाकला आणि फट मोजली. तीन बोटं. भिंतीवर खडूनं तीन रेघा ओढल्या आणि जेवायला गेला. मागाहून पोती कुणी उतरवली, कुठे ठेवली, त्याच्याशी त्याला काय देणंघेणं!

दुसऱ्या दिवशी गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर चढली. जुनी स्प्रिंग शिकंज्यात धरून आवळायची, म्हणजे जिवाशी खेळ. निसटली तर थोबाडच फोडायची. दर खेपेला तो आधी छातीवर क्रूस काढायचा आणि मगच पान्याला हात घालायचा. या वेळी त्यानं कुठे चालढकल केली नाही. स्तानोयेनं रकियाची, घरी गाळलेल्या दारूची बाटली दाखवली, तरी "काम झाल्यावर" म्हणाला. स्तानोयेला वाटलं, याची तब्येत बिघडली.

शुक्रवारी दुपारी गाडी खाली उतरवली. ढकलून मागेपुढे केली. चाकाशी बोटं लावली.

तीन बोटं. जशीच्या तशी!

पुन्हा लावली. तीनच. "गाडीसुद्धा तुझ्याच वळणावर गेली रे!" स्तानोये कुंपणावरून खिदळला. रातोमिरला हसू आलं नाही. तो तिथेच मातीत बसला. एवढं जीव ओतून केलं आणि हे फळ!

"सांग तुझ्या भावाला," तो म्हणाला, "घेऊन जा म्हणावं."

ल्युबिंका मिरच्या धूत होती. नवऱ्याचा हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ओले हात पुसत ती आली.

"आधी किती होती फट?"

"तीन. बघ की भिंतीवर."

"आणि मोजलीस कधी?"

"बुधवारी. बाजारातून आल्या आल्या."

तिनं ओट्यावरच्या पोत्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पोट धरून जी हसत सुटली! "अरे वेड्या, मिरच्यांसकट मोजलीस! पोती मी उतरवली, तू जेवत होतास तेव्हा!"

रातोमिर ताडकन उठला. दोघांनी पोती ओढत आणली; दोन डिकीत, एक सीटवर. गाडीचा मागचा भाग हळूहळू खाली बसला. त्यानं बोट लावलं. एकच मावलं, दुसऱ्याला जागा नव्हती.

"बसली!" तो ओरडला. "अगं, बसली गाडी!" मग डोकं खाजवत म्हणाला, "पण अजून थोडं बाकी आहे. शेवटचे बोल्ट गाडीत माणसं बसल्यावर आवळायचे असतात. कुणीतरी आत बसायला हवं."

स्तानोयेनं पोटासकट कुंपणावर टांग टाकलीच होती.

"खबरदार!" ल्युबिंका कडाडली. तिनं एप्रन सोडून ओट्यावर टाकला, सीटवरचं पोतं ओढून बाहेर काढलं आणि स्वतः बसली.

जाड फळ्यांवर चढवलेल्या गाडीखाली रातोमिर सरपटत गेला. एकेक बोल्ट आवळताना त्याला रडूच आलं. बाहेर येऊन म्हणाला, "डोळ्यात गंज गेला." मग पाना पुसून खाली ठेवला.

"झालं सगळं. उतर आता."

"पुरं झालं ना?"

"पुरं झालं."

"मग उतरू कशाला? हा पट्टा कसा लावायचा ते सांग."

त्यानं पट्टा लावून दिला. गाडी फळ्यांवरून उतरली आणि फाटकाकडे निघाली. फाटकाच्या उंबऱ्यावर खालून खर्रकन आवाज आला. रातोमिरनं ब्रेक दाबला.

"डिकीतल्या पोत्यांनी खाली टेकतेय," तो चाचरत म्हणाला. "वजन कमी करावं लागेल. जरा उतरतेस का?"

"पोती काढ," ल्युबिंका म्हणाली. "मी नाही उतरणार."