जिभेवालीची चव गेली

तिला सगळे जिभेवाली म्हणत, आणि त्याचे दोन अर्थ होते. एक, ती कुणालाही तोंडावर सुनवायची. दुसरा पोटापाण्याचा. डोंगरावरच्या दहा घरांनी खणून आणलेली पोटदुखीची मुळी व्यापाऱ्याच्या पोत्यात जाण्याआधी तिच्या जिभेवरून जायची. कारण त्याच उतारावर एक विषारी मुळीही उगवते आणि पानं झडली की दोघी जुळ्या बहिणी. औषधाची मुळी आधी कडू लागते, मग घशाशी गोडसर होते. दुसरी कडूच राहते. जिभेचं टोक लावायचं, थुंकायचं, मुळी उजवीकडे नाहीतर डावीकडे टाकायची. तीस वर्षांत तिच्या हातून एकही चुकली नव्हती. व्यापाऱ्याने तर 'जिभेने पारखलेली' असा शिक्काच बनवून घेतला होता. जिभेच्या मालकिणीला विचारायचं राहून गेलं, पण शिक्का सुबक होता.

गेल्या महिन्यात तिला ताप आला. तो गेला, तो चव घेऊनच. मीठ, मिरची, मुळी, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला जीभ बाहेर काढायला लावली, बराच वेळ पाहिली आणि सांगितलं, "जीभ छान आहे."

ट्रक आला त्या सकाळी ती ढिगापुढे बसली. एक मुळी जिभेला लावली. मग दुसरी. विसाव्या मुळीनंतर पदराला हात पुसून उठली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "मला चव लागत नाही. हा माल नेऊ नका."

व्यापारी गालातल्या गालात हसला. "भाव वाढवून हवाय का, मावशी? सरळ बोला की."

"भाव गेला खड्ड्यात. कळत नाहीये मला."

"तुम्हाला कळत नाही? हे तुमच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय!"

खणणाऱ्या बायकाही खुदखुदल्या. जावेने तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. "अगं बाई, महिनाभर कंबर मोडून खणलंय. आमचे डोळे काय फुटलेत? बघूनच आणलीय ना! गप बस जरा."

"बघून कळलं असतं, तर मला इतकी वर्षं चाटायला कशाला बसवलं असतं गं?"

जावेने दाभणात सुतळी ओवली. तिच्याकडे चार पोती होती.

पोती शिवली गेली, शिक्के उमटले. जिभेवाली एका पोत्यावर जाऊन बसली. दोघा हमालांनी तिला अदबीने उचलून बाजूला ठेवलं आणि पोतं ट्रकात टाकलं.

निघताना ड्रायव्हर पोटावर हात दाबत खाली उतरला. "आई, सकाळपासून कळा येतायत. एक मुळी द्या ना, तुमच्या हातची."

"नाही."

"एवढीशी?"

"अरे, विषारी निघाली तर? मला ओळखता येत नाहीये रे!"

व्यापाऱ्याने शिवायच्या राहिलेल्या शेवटच्या पोत्यातून एक मुळी काढून त्याच्या हातावर ठेवली. "घे. मावशींचा आज मूड नाही."

ड्रायव्हरने ती शर्टाच्या खिशात टाकली. "पुढच्या थांब्यावर उगाळून घेतो." जिभेवालीने त्याचा खिसाच पकडला. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली, म्हाताऱ्या माणसाची सोडवावीत तशी, हळुवार. "एका मुळीसाठी एवढं, आई?" म्हणत तो चढला. ट्रक सुरू झाला.

ती मागून ओरडत राहिली. वळणापर्यंत बायका ऐकत होत्या; त्यांच्या मते तिची जीभ ठणठणीत होती.